माप कोणाच्या हाती?

बार्शी ही जुनी बाजारपेठ. बाजारपेठेत मापाचा प्रश्न हा अब्रूचा प्रश्न असतो. शेर-पायलीच्या काळी माप शिगेने भरावयाचे की सपाट, यावर घेणारा व देणारा यांची हुज्जत होत असे. 1956 च्या कायद्याने दशमान वजनांचा मार्ग मोकळा झाला आणि किलो सर्वत्र एकच ठरला. तुरीच्या व ज्वारीच्या व्यापारावर वाढलेल्या या गावाच्या हाती आज मोबाइलवाटे 'डेटा' नावाचा नवा माल रोज येतो. त्याचे माप कसे ठरत गेले, हे पाहणे आमच्या वाचकांस अप्रस्तुत वाटू नये.

मर्यादा ही मुळातच वाईट असते असे नव्हे. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी रेल्वे धावू लागली. तिच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा त्यांचा दंडक होता. हलक्या रुळास जड आस सोसत नाही, हे कोणासही पटण्याजोगे होते. आणि त्याच बंधनात राहून ही रेल्वे 1906 मध्ये पंढरपुरास व 1911 मध्ये लातुरास पोहोचली.

मोबाइलच्या मनोऱ्याचीही अशीच एक ताकद असते. त्याच्या परिसरातील सारे ग्राहक त्याच लहरींचे वाटेकरी असल्यामुळे संध्याकाळी सर्वांनी एकदम चित्रपट लावले, की प्रत्येकाचा वाटा आखडतो. परंतु रोजच्या डेटाची मर्यादा या गर्दीकडे पाहतच नाही. पहाटे तीन वाजता वापरलेला डेटा व रात्री नऊ वाजता वापरलेला डेटा तिच्या हिशेबी सारखाच. याहून एस.टी.डी.च्या बूथवरील जुनी पद्धत अधिक न्याय्य होती. रात्री उशिरा दर उतरत, लोक त्या वेळेपर्यंत थांबत, आणि तारांवरील भार आपोआप विभागला जाई.

5 सप्टेंबर 2016 रोजी रिलायन्स जिओने रोज चार जीबीपर्यंत वेगवान डेटा फुकट देऊ केला. तोवर एक जीबी महिनाभर पुरविणाऱ्या घरांस ही सुगीच वाटली. 1 जानेवारी 2017 पासून तेच माप रोजच्या एका जीबीवर आले, आणि फुकट मिळत असूनही तेच आता तोकडे भासू लागले. सवय आधी लागली, दर नंतर आले. डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021 आणि जुलै 2024 मध्ये प्रमुख कंपन्यांनी ते वाढविले.

तथापि ग्राहकाचा राग केवळ दरावर आहे असे आम्हांस वाटत नाही. भारतातील डेटा जगात स्वस्तांपैकी आहे, हा कंपन्यांचा दावा खरा आहे. राग आहे तो मापावर. महिना अठ्ठावीस दिवसांचा झाला आणि वर्षात तेरा वेळा पैसे भरण्याची पाळी आली. अखेर जानेवारी 2022 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणास, तीस दिवसांची निदान एक तरी योजना ठेवा, असे फर्मवावे लागले. ज्यांस डेटा नकोच, अशा वृद्धांनाही तो घ्यावा लागे. डिसेंबर 2024 मध्ये केवळ बोलणे व संदेश यांसाठी वेगळी योजना ठेवण्याचा नियम झाला.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. कणगीतले उरलेले धान्य दुसऱ्या दिवशीही आपलेच असते. रोजच्या मापातील उरलेला डेटा बहुधा मध्यरात्री बुडतो. काही योजनांत तो पुढे नेण्याची सोय आहे, तेव्हा ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. 2020 साली शाळा बंद असता दोन मुलांचे वर्ग एकाच फोनवर चालविणाऱ्या घरांस या मापाची किंमत पुरती कळली. दुपारीच डेटा संपला, की दुसऱ्या मुलाचा तास बुडे. आणि रविवारी उरलेला डेटा सोमवारी उपयोगी पडत नसे.

आज बँक, सातबारा व परीक्षेचा अर्ज ही सारी कामे याच वाटेने होतात. मर्यादा घालावयाची असेल तर ती कॅलथ्रॉपच्या पाच टनांसारखी कारणासह सांगावी, आणि पैसे देऊन घेतलेला माल वापरून संपेपर्यंत घेणाऱ्याचाच राहावा, एवढीच ग्राहकाची मागणी आहे. किलोच्या बाबतीत जे कायद्याने झाले, ते डेटाच्या बाबतीत का होऊ नये?