जुन्या गाडीचे दात

शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचे गाव आहे. पागा म्हणजे घोडदळाचा तबेला. नावात उरलेला इतिहास आपल्याकडे पुष्कळ. त्यातलाच हा एक. (शिरूरला घोडनदी म्हणतात ते घोड या नदीवरून, तिथे घोड्याचा संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) दख्खनच्या फौजांसाठी अरबी घोडे समुद्रमार्गे येत, आणि घोडा विकत घेणारा आधी त्याचे दात पाही, कारण वय सांगण्यात विक्रेत्यापेक्षा दात प्रामाणिक असतात. वापरलेले वाहन परदेशातून आणायचे की नाही, आणलेच तर किती वयाचे, हा प्रश्न त्यामुळे मोटारीपेक्षा जुना ठरतो. आम्ही येथे विचार करणार आहोत तो मात्र मोटारीचाच, आणि तोही न आलेल्या मोटारीचा.

जगातील वापरलेल्या गाड्यांच्या व्यापारात जपानचे स्थान फार मोठे आहे. तिथे नव्या खासगी मोटारीची सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तपासणी, कर आणि विमा यांचा एकत्रित खर्च बराच असल्याने अनेक मालक ती वेळ येताच गाडी काढून टाकतात. चांगल्या अवस्थेतल्या या गाड्या लिलावात जातात आणि तिथून जहाजावर चढतात. जपानमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, सुकाणू उजवीकडे असते. म्हणून केनिया, टांझानिया, न्यूझीलंड, श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेश असे देश त्यांचे स्वाभाविक गिऱ्हाईक झाले. ढाक्यात तर अशा गाडीसाठी ‘रिकंडिशन्ड’ हा शब्द बाजारभाषेत रुळून गेला आहे. आपलाही देश डाव्या बाजूने चालणारा. तरीही शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर जपानमधून वापरून आलेली मोटार दिसत नाही. असे का व्हावे?

उत्तर कायद्यात आहे, पण कायद्यालाही पूर्वेतिहास असतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की नुसती जुळणी पुरेशी नाही, गाडी इथेच बनली पाहिजे. ती कंपनी १९५४ मध्ये निघून गेली. पुढे जवळजवळ चार दशके तयार मोटारीची आयात म्हणजे अपवादांची यादी होती: परदेशातून कायमचा परतणारा माणूस, वकिलातीतली मंडळी, आणि त्या वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्यांची सरकारी विक्री. सामान्य शेतकऱ्याचा किंवा शिक्षकाचा त्या यादीशी संबंध नव्हता.

आम्हांला या इतिहासातला सर्वांत अर्थपूर्ण भाग पुढे दिसतो. वापरलेली मोटार नाकारणाऱ्या या देशाने वापरलेले साचे मात्र मोकळ्या मनाने आणले. इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्डची ॲम्बॅसॅडर झाली. फियाट ११०० मुंबईत कुर्ल्याला बनू लागली आणि तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इटलीत ते प्रतिमान साठीच्या दशकातच थांबले, आपल्याकडे शतक संपेपर्यंत चालले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आलेली कॉन्टेसा ही व्हॉक्सहॉलची, स्टँडर्ड २००० ही रोव्हरची, तर प्रीमियर ११८ एनई ही फियाट १२४ च्या स्पेनमधल्या सिआट अवताराची उतरंड होती. या शेवटच्या गाडीचे इंजिन निस्सानचे, म्हणजे जपानी घराण्याचे. एका देशाने वापरून झाल्यावर दुसऱ्याने विकत घेतलेला कारखाना आणि एका माणसाने वापरून झाल्यावर दुसऱ्याने विकत घेतलेली गाडी, यांत फरक आहे तो एवढाच की पहिल्यातून रोजगार निघतो. हा फरक लहान नाही. पण गिऱ्हाईकाच्या वाट्याला दोन्हीकडे जुनेच आले, आणि इथे त्याला ते नव्याच्या किमतीत, नंबर लावून, वर्षानुवर्षे थांबून घ्यावे लागले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे अनोळखी वाटू नये. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून मराठीत आले. दोनदा हात बदललेली ती वस्तू आपण आपलीच मानतो, आणि योग्यच मानतो. रूपांतराचा कस मूळ किती नवे यावर लागत नाही, इथल्या मातीत ते कसे चालते यावर लागतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीचे तेच केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली तेव्हा तिला कोणी इटालियन म्हटले नाही.

आता कायद्याकडे. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने केलेल्या तक्रारीत हार पत्करल्यावर भारताला आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठवावे लागले. जपानी जुन्या गाड्यांचा लोंढा येणार अशी भीती तेव्हा जाहीरपणे व्यक्त होत होती. दार उघडताना सरकारने उंबरा उंच केला. यशवंत सिन्हांच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात वापरलेल्या मोटारींवरचे मूळ सीमाशुल्क १०५ टक्के झाले. शिवाय अटी आल्या: गाडी तीन वर्षांहून जुनी नको, सुकाणू उजवीकडे हवे, आणि ती उतरणार फक्त मुंबई बंदरात. यांतली पहिली अट आम्हांला मोठी मार्मिक वाटते. जपानी मालक गाडी विकायला काढू लागतो तो तिसऱ्या वर्षाच्या तपासणीच्या सुमारास, आणि आपला नियम नेमक्या त्याच रेषेवर उभा. घोड्याचे दात पाहणाऱ्याची नजर या कलमामागे आहे. बंदी न घालता बंदी घालण्याचे ते कसब होते.

त्या उंबऱ्याच्या आत काय वाढले, हे पाहायला शिरूर तालुक्यातच यावे लागते. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव आहे. महागणपतीमुळे सर्वांना ठाऊक आणि आता औद्योगिक वसाहतीमुळेही. फियाटने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इथे पाय रोवायचे ठरवले, पण कारखान्याला खरी गती आली ती पुढच्या दशकात, टाटांशी भागीदारी झाल्यावर. कुर्ल्याची फियाट आणि रांजणगावची फियाट यांत पिढीचे अंतर आहे: तिथे जुने साचे होते, इथे १.३ लिटरचे तेव्हाचे ताजे डिझेल इंजिन बनू लागले. भीमेपलीकडे दौंड तालुक्यातही कुरकुंभला वसाहत उभी राहिली, पण ती मुख्यतः रसायनांची. जुन्या गाड्यांना मोकळे दार मिळाले असते तर रांजणगाव झाले असते का, हे खात्रीने सांगता येणार नाही. केनियासारख्या देशांत स्वस्त मोटार मध्यमवर्गाच्या हाती लवकर आली, मोटारीचा कारखाना मात्र तितक्या जोमाने उभा राहिला नाही. आपल्याकडे उलटे झाले. रांजणगावात कामाला जाणारी मुले आणि त्यांच्या आधीच्या पिढीतले, स्कूटरसाठी नंबर लावून बसलेले त्यांचे वडील या हिशेबाच्या दोन बाजू आहेत, आणि वडिलांची बाजू कोणी फारशी मांडत नाही.

फियाटची नाममुद्रा पुढे भारतातून गेली, कारखाना राहिला. २०१७ मध्ये तिथे जीप कंपास बनू लागली आणि त्याच वर्षी तिची निर्यात सुरू झाली. ऑस्ट्रेलियाप्रमाणे जपानलाही शिरूर तालुक्यात बनलेल्या उजव्या सुकाणूच्या गाड्या गेल्या. तिथे त्यांचीही तीन वर्षांनी तपासणी होणार, काही मालक त्या विकायला काढणार, आणि लिलावातून त्यांतली एखादी मोंबासाच्या बंदरावर ‘जपानची गाडी’ म्हणून उतरली तर त्यात नवल नाही.