फजितीच्या चित्रफिती : हसणारे कोण, हसे कोणाचे?

अनोळखी माणसाला अचानक घाबरवून, अथवा स्वतःचा जीव धोक्यात घालून हशा मिळवणाऱ्या चित्रफिती 'प्रँक' व 'स्टंट कॉमेडी' या नावांनी ओळखल्या जातात. भारतीय प्रेक्षकांना यातील फजितीचा प्रकार सायरस ब्रोचा यांच्या 'एमटीव्ही बकरा' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने परिचित करून दिला. पुढे यूट्यूब आल्यावर कॅमेरा कोणाच्याही हाती गेला. या चित्रफितींत कोणाला स्थान मिळते आणि कोणत्या भूमिकेत, हा प्रश्न बंगळुरूमधील एका प्रकरणाच्या आधारे अधिक स्पष्ट होतो.

यशवंतपूरची भुते

नोव्हेंबर २०१९ मध्ये बंगळुरूच्या यशवंतपूर भागात भुताचा वेश करून मध्यरात्रीनंतर लोकांना घाबरवणाऱ्या सात तरुणांना पोलिसांनी अटक केली. पांढरे झगे व केसांचे टोप घालून ते रस्त्यावरील वाहनांना आडवे जात आणि त्या प्रसंगाचे यूट्यूबसाठी चित्रीकरण करीत. गुन्हे जामीनपात्र असल्याने त्यांची जामिनावर सुटका झाली. वृत्तांमध्ये भर होता तो अटकेवर. ज्यांना घाबरवले गेले त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही. त्यांत रिक्षाचालक होते, पादचारी होते आणि पदपथावर झोपलेली माणसेही होती. मध्यरात्रीनंतर रस्त्यावर असतात ते बहुधा पोटासाठी, किंवा घर नाही म्हणून. मोटारीची काच वर करून निघून जाण्याची सोय त्यांना नसते. चित्रफितीत त्यांचा चेहरा दिसतो, पण तेथे त्यांना नाव नसते आणि संमतीही क्वचितच विचारली जाते. अशा दिसण्याला प्रतिनिधित्व म्हणणे कठीण आहे.

यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्येच, समोरच्या व्यक्तीला आपल्या जिवावर बेतले आहे असे वाटायला लावणाऱ्या फजितीच्या चित्रफितींना मनाई करणारे नियम स्पष्ट केले होते.

आवाजातील शहर

याच शहरात वेगळी वाटही दिसते. दानिश सैत यांनी फीव्हर या एफएम वाहिनीवर दूरध्वनीवरून फजिती करण्याचे कार्यक्रम केले. त्यांच्या असगर, नोग्राज अशा पात्रांतून बंगळुरूची दखनी, कन्नड वळणाची इंग्रजी आणि राजकारण्यांची भाषा ऐकू येते. नोग्राजवर २०१८ मध्ये चित्रपटही निघाला. येथे घाव बराचसा सत्ताधाऱ्याच्या फुशारकीवर बसतो. तरीही सारे समाज एकाच पुरुष कलाकाराच्या गळ्यातून बोलतात, हेही नोंदवले पाहिजे.

अमेरिकेतील उशीर

या प्रकाराचा जागतिक नमुना मानला जाणारा 'जॅकअॅस' हा कार्यक्रम २००० मध्ये एमटीव्हीवर सुरू झाला. जॉनी नॉक्सव्हिल व त्यांचे सहकारी इतरांपेक्षा स्वतःचीच हाडे मोडून घेत, हे त्याचे वैशिष्ट्य होते. ठेंगण्या बांध्याचे जेसन अकुन्या हेही मूळ चमूतील सदस्य. मात्र चमू प्रामुख्याने गोऱ्या पुरुषांचाच राहिला. २०२२ मधील 'जॅकअॅस फॉरएव्हर' या चित्रपटात रेचल वुल्फसन ही महिला आणि जॅस्पर डॉल्फिन व एरिक मनाका हे कृष्णवर्णीय कलाकार चमूत आले. तोवर दोन दशके उलटून गेली होती. नव्या सदस्यांचीही फजिती झाली, परंतु ती त्यांनी स्वतः निवडलेली होती. यशवंतपूरच्या पदपथावरील माणसाला अशी निवड नव्हती.

वसईचा निकाल

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१८ मध्ये 'किकी चॅलेंज'च्या लाटेत तीन तरुणांनी लोकल गाडीबरोबर फलाटावर नाचण्याची चित्रफीत प्रसृत केली. येथे धोका मुख्यतः नाचणाऱ्यालाच होता. वसईच्या रेल्वे न्यायालयाने त्यांना तीन दिवस वसई स्थानकाची स्वच्छता करण्याचा आणि प्रवाशांना अशा प्रकारांचे धोके समजावून सांगण्याचा आदेश दिला. त्याच काळात बंगळुरू पोलिसांनीही या नाचाविरुद्ध ट्विटरवरून इशारा दिला होता.