मौजे पर्वती

स्वारगेट येथें उतरणाऱ्या प्रवाशाची दृष्टि सहज नैर्ऋत्येकडे वळली, तर तिला पर्वतीची टेकडी दिसते. तेथील देवस्थान सर्वांस ठाऊक आहे. परंतु टेकडीच्या पायथ्याशीं त्याच नांवाचें एक लहानसें खेडें होतें, ही गोष्ट शहर विसरत चाललें आहे.

टेकडीवरील देवीच्या कृपेनें मातुःश्री काशीबाईंची पायाची व्यथा दूर झाली, अशी आख्यायिका आहे. तिचें खरेंखोटें कांहींही असो. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं तेथें देवदेवेश्वराचें मंदिर उभारलें. पुढें आंबील ओढ्याचें पाणी अडवून पायथ्याशीं विस्तीर्ण तळें करविलें, आणि १७८४ सालीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत त्यांतील बेटावर गणपतीची स्थापना झाली. श्रावणमासीं जवळच्या रमण्यांत ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जाई. शेतकऱ्यांच्या शिवारास असें राजवैभव लाभलें.

त्या वैभवाचा अस्तहि याच टेकडीनें पाहिला. पानिपतच्या आघातानें खचलेले नानासाहेब जून १७६१ मध्यें येथेंच निवर्तले. आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या रणांगणाचा धुरळा दुसऱ्या बाजीरावानें येथूनच न्याहाळला.

राज्य गेलें, तरी मंदिराच्या दारावरील निर्बंध गेला नाहीं. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस देवदर्शन वर्ज्य होतें. १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृतींच्या पुढाकारानें येथें सत्याग्रह सुरू झाला. काकासाहेब गाडगीळ व एस्. एम्. जोशी हेहि त्यांत होते. सत्याग्रहींवर दगड पडले. दार मात्र उघडलें नाहीं. मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ सालीं. ज्या पायऱ्या सरदारांच्या पालख्यांनीं गाजल्या, त्या चढण्याचा हक्क मिळावयास सामान्य माणसास एवढा काळ लागला!

दरम्यान खडकवासल्याचा कालवा टेकडीखालून वाहूं लागला होता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि निराश्रित झालेल्या पुणेकरांच्या वसाहती सहकारनगराच्या बाजूस वसल्या. तळें बुजवून तेथें सारसबाग झाली. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटच्या भूमीखालून मेट्रोहि धांवते.

खेडें असें शहरांत विरून गेलें. तथापि तेथील घराचें खरेदीखत उघडावें, तों पहिल्याच पानावर अक्षरें दिसतात — ‘मौजे पर्वती’. शिवार गेलें, पण गांवाचें नांव दप्तरानें सोडलें नाहीं.