पिल्लाचे कागद

पुण्या-मुंबईत पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पेपर आहेत का?" विकणाराही तयारीत असतो. विथ पेपर इतके, विदाउट पेपर इतके. हे पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा नोंदणी दाखला. बापाचं नाव, आईचं नाव, त्यांच्या मागच्या पिढ्या, जन्मतारीख, रंग. पिल्लाचे डोळे कसे आहेत, गुडघ्याची वाटी जागेवर राहते का, हृदयाचे ठोके साफ ऐकू येतात का, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. तरी घेणाऱ्याच्या मनात पेपरवालं पिल्लू म्हणजे तपासलेलं पिल्लू असं पक्कं बसलेलं असतं. आणि कॉकापू (कॉकर-पूडल), कॅव्हापू (कॅव्हेलियर-पूडल) या छोट्या संकरित पिल्लांना तर तो दाखलाही मिळत नाही. मग त्यांच्याकडे कुठला कागद मागायचा?

कागदाची गोष्ट इंग्लंडात सुरू होते. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं एक प्रदर्शन भरलं, त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच जातींना प्रवेश होता. पुढं प्रदर्शनांचं पेव फुटलं, त्यांच्याबरोबर लबाडीही आली. तिला आळा घालावा म्हणून एस. ई. शर्ली या गृहस्थांनी १८७३ साली केनेल क्लब काढला आणि दुसऱ्याच वर्षी चार हजारांहून अधिक कुत्र्यांची वंशनोंद छापली. त्या नोंदवहीची पहिली मोठी डोकेदुखी रोगांची नव्हती, नावांची होती. एकाच नावाचे इतके कुत्रे, की बक्षीस नेमकं कोणाला मिळालं तेच कळेना. १८८० पासून सक्तीची नोंदणी सुरू झाली ती त्यासाठी, एकाचं नाव दुसऱ्याला मिळू नये म्हणून. आज पेपर म्हणून ज्याचा भाव होतो त्या कागदाचा पूर्वज हा असा आहे. तो कुत्रा ओळखू येण्यासाठी जन्माला आला.

नोंदवही बंद झाली, म्हणजे नोंदलेल्या आईबापांचंच पिल्लू नोंदायचं असं ठरलं, की घरातल्या घरात लग्नं लागू लागतात. नामांकित नर एकच असतो आणि सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी असतात. बाप-मुलगी किंवा सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेली पिल्लं नोंदायची नाहीत, हा नियम ब्रिटनच्या केनेल क्लबनं केला २००९ साली. छापायची चूक नाही, दोन हजार नऊच. त्याच्या आदल्या वर्षी बीबीसीवर 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' हा माहितीपट दाखवला गेला होता. कवटी लहान आणि मेंदू मोठा असल्यानं वेदनेनं विव्हळणारे कॅव्हेलियर जातीचे कुत्रे लोकांनी टीव्हीवर पाहिले, आणि बीबीसीनं केनेल क्लबच्या क्रफ्ट्स प्रदर्शनाचं प्रक्षेपण बंद केलं. तेव्हा कुठं नियम हलले.

मग शरीराची तपासणी कागदावर आली कशी? माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात कमी सांगितलं गेलेलं प्रकरण आयरिश सेटरांचं आहे. लाल तुकतुकीत केसांची ही शिकारी जात. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये यातले कितीतरी कुत्रे लहान वयात आंधळे होऊ लागले. आधी संध्याकाळी धडपडायचे, मग दिवसाही. डोळ्याच्या मागचा पडदा झिजत जायचा. रोग अप्रभावी जनुकाचा. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर पिल्लू आंधळं, एकाकडूनच आला तर पिल्लू ठणठणीत दिसणार, पण दोष पुढं देणार. असा वाहक ओळखायचा कसा? तेव्हा एकच उपाय होता. संशयित कुत्रा एका आंधळ्या कुत्रीला लावायचा आणि पिल्लं वाढवून पाहायची. तो वाहक असेल तर सरासरी निम्मी पिल्लं आंधळी निघणार. सहाच्या सहा पिल्लं डोळस निघाली तर तो वाहक असूनही निव्वळ योगायोगानं सुटल्याची शक्यता चौसष्टात एक. म्हणजे एका कुत्र्याला निर्दोष ठरवायला एक अख्खं वेत खर्ची घालायचं, आणि तो दोषी निघाला तर आंधळी पिल्लं पदरात. ज्यांनी हे केलं त्यांनी विक्रीचा तोटा सोसला आणि जात बऱ्याच अंशी सावरली. पैदास जबाबदारीनं करणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

खुब्याच्या सांध्याची कथा वेगळ्या वाटेनं आली. १९३५ साली अमेरिकेत गेरी श्नेल या पशुवैद्यानं कुत्र्यांमधला सैल खुबा पहिल्यांदा वर्णिला. जॉन ऑलिन या उद्योगपतीचे शिकारी कुत्रे त्याच दुखण्यानं लंगडू लागले, तेव्हा त्याच्या पुढाकारानं १९६६ मध्ये एक्स-रे वाचून श्रेणी देणारी संस्था उभी राहिली. कुत्र्याला गुंगी देऊन उताणं निजवायचं, मागचे पाय सरळ ताणायचे, गुडघे आत वळवायचे आणि चित्र घ्यायचं. पक्की श्रेणी मिळते दोन वर्षं पूर्ण झाल्यावर. छोट्या कुत्र्यांत या तपासणीपेक्षा गुडघा महत्त्वाचा. टॉय पूडलसारख्या जातीत गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकते. ते तपासायला यंत्र लागत नाही. डॉक्टर अंगठ्यानं वाटी आत ढकलून पाहतात, सरकते का, आपोआप परत येते का, यावरून एक ते चार अशी श्रेणी देतात. तीन पायांवर उडी मारत चालणारं पिल्लू गोड दिसतं म्हणून त्याचे व्हिडिओ फिरतात. ते बहुतेक वेळा हेच दुखणं असतं.

१९९३ साली आयरिश सेटरांच्या अंधत्वामागचा जनुकीय बदल सापडला आणि आंधळ्या पिल्लांच्या वेताची गरज संपली. गालाच्या आतून ब्रश फिरवायचा, वाळवायचा, पाकिटात घालून पाठवायचा. उत्तर तीनच प्रकारचं येतं : निर्दोष, वाहक, बाधित. २००६ साली अशाच आणखी एका अंधत्वाचा दोष सापडला आणि तो वीसहून अधिक जातींत पसरलेला निघाला. त्यात कॉकर स्पॅनियल होते, आणि मिनिएचर व टॉय पूडलही होते.

इथं कॉकापूचा संबंध येतो. कॉकर आणि पूडल यांचा संकर अमेरिकेत १९५०-६० पासून घराघरांत होता, पण त्याला बाजारभाव नव्हता. भाव आला लॅब्राडूडलमुळं. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, नवऱ्याला केसांची ॲलर्जी. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी आधी तीसहून अधिक पूडल आजमावले, जमलं नाही, मग १९८९ च्या सुमारास लॅब्राडॉर आणि पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली, ॲलर्जी त्यातल्या एकापासूनच झाली नाही. उरलेल्या दोघांना घर मिळेना, कारण प्रतीक्षायादीतल्या कोणालाच संकरित कुत्रा नको होता. तेव्हा कॉनरन यांनी वर्तमानपत्रांना कळवलं की आमच्याकडे एक नवा कुत्रा आहे, लॅब्राडूडल. कुत्रे तेच, नाव नवं, आणि फोन थांबेनात. पुढं त्यांनी उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला, कारण या नावाच्या जोरावर कोणीही कशाचीही जोडी लावू लागलं. ॲलर्जीचा दावाही टिकला नाही. २०११ साली डेट्रॉइटच्या संशोधकांनी घरांतल्या धुळीचे नमुने तपासले. तथाकथित ॲलर्जीमुक्त कुत्र्यांच्या घरात ॲलर्जीचा घटक कमी नव्हता.

दुसरा दावा अधिक चिवट आहे : संकर म्हणजे निरोगी. आपल्याकडे तो पटायला वेळ लागत नाही, कारण १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ पासून हायब्रीड ज्वारीचं पीक लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्वारीवाला शेतकरी आणखी एक गोष्ट जाणतो. हायब्रीडचं बी राखून पेरलं तर पुढच्या वर्षी तसं पीक येत नाही, बियाणं पुन्हा विकतच आणावं लागतं. कुत्र्यांतही तसंच. कॉकरमध्ये मूत्रपिंड निकामी करणारा एक अप्रभावी दोष असतो, बाधित पिल्लू बहुधा दोन वर्षांच्या आत जातं. पूडलमध्ये तो नसतो. त्यामुळं कॉकर आणि पूडल यांच्या पहिल्या संकरात हा रोग होत नाही. काही पिल्लं वाहक होतात, एवढंच. मात्र शेजारच्या गल्लीतल्या दोन कॉकापूंची जोडी लावली, दोघे वाहक निघाले, तर रोग परत हजर. आणि अंधत्वाच्या दोषाला पहिल्या पिढीचंही संरक्षण नाही, कारण तो दोन्ही घराण्यांत एकच आहे. कॉकर वाहक, पूडल वाहक, तर चारांतलं एक पिल्लू आंधळं होणार. तेही काही वर्षांनी, म्हणजे तोवर त्याची स्वतःची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असण्याचा संभव.

आकडेही याच बाजूनं बोलतात. २०१८ मध्ये लाखाहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. पाचांपैकी दोघांत कुठला ना कुठला दोष निदान एका प्रतीत होता. संकरित कुत्रे वाहक असण्याचं प्रमाण अधिक, शुद्ध जातींत प्रत्यक्ष बाधित असण्याचं अधिक. म्हणजे संकराचा फायदा खरा आहे, पण तो उधारीवरचा आहे. २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या आईबापांच्या जातींशी ५७ दुखण्यांबाबत तुलना केली. ८६.६ टक्के तुलनांत काही फरक आढळला नाही. "आमची पिल्लं मिक्स आहेत, टेस्टची गरज नाही," असं सांगणाऱ्याला एवढं एक वाक्य पुरे.

घरी एखादं वेत काढणारा माणूस वाईट नसतो. उलट, स्वयंपाकघरातल्या आवाजांची, पोरांच्या हातांची सवय झालेलं पिल्लू गोठ्यासारख्या शेडमध्ये वाढलेल्या पिल्लापेक्षा कितीतरी शहाणं निघतं. अडचण अशी की नोंदणीच्या बाहेर असल्यानं त्याला कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये वर्षाला तीन वेतं झाली की परवाना लागतो. एखाद्या वेताला बहुधा लागत नाही. २०२० च्या एप्रिलपासून इंग्लंडात दुकानदार वा दलाल सहा महिन्यांखालचं पिल्लू विकू शकत नाही. वेल्समधल्या पैदास केंद्रातून सुटका झालेल्या एका कॅव्हेलियर कुत्रीच्या नावानं तो कायदा ओळखला जातो : लुसीज लॉ. आपल्याकडे २०१७ चे पैदास आणि विक्रीचे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत. पण ऑनलाइन जाहिरातींत महिन्याची पिल्लं सर्रास दिसतात आणि आई कुठाय विचारलं की "गावाला आहे" असं उत्तर येतं.

सगळंच गालाच्या ब्रशनं कळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. फेफऱ्याची सरसकट लागू पडणारी चाचणी नाही. कॅव्हापूच्या बाबतीत मुख्य भीती हृदयाची. कॅव्हेलियरच्या हृदयाची झडप वयाबरोबर गळू लागते, दहाव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्यांच्या छातीत खरखर ऐकू येते. हे एका जनुकाचं काम नसल्यानं जुनाच मार्ग उरतो, स्टेथोस्कोप आणि वाट पाहणं. हृदयतज्ज्ञांचा शिरस्ता असा की कुत्रा अडीच वर्षांचा झाल्याशिवाय लावायचा नाही, आणि त्याच्या आईबापांची हृदयं पाचव्या वर्षी साफ असली पाहिजेत. पाळण्यासाठी म्हणून घेतलेल्या एकुलत्या कॅव्हेलियर कुत्रीचं वेत काढणाऱ्याला, तिच्या आईची छाती पाचव्या वर्षी कोणी ऐकली होती का, हे ठाऊक असायला हवं. इथं त्या जुन्या नोंदवहीचा उपयोग होतो. निदान पिल्लांच्या त्या आजीचं नाव तरी सापडतं.

नॉर्वेत हा प्रश्न कोर्टात गेला. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅव्हेलियरची तिथं चालू असलेली पैदास प्राणीकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली. दावा लावणाऱ्या प्राणीरक्षक संघटनेला ही जात नामशेष व्हावी असं वाटत नव्हतं. तिचं मागणं होतं की दुसऱ्या जातींशी संकर करा, पण तपासून, नोंदी ठेवून, शास्त्राच्या आधारानं करा.