इंडियाना जोन्स अ‍ॅडव्हेंचर

अमेरिकेतील अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये १९९५ साली सुरू झालेली ही सफर तिच्या रांगेसाठीही अभ्यासण्याजोगी आहे. भिंतींवरची खास रचलेली चित्रलिपी इंग्रजी वर्णमालेवरच बेतलेली असल्याने चिकाटीने वाचता येते. विहिरीवरचा दोर ओढला की खालून संशोधकाचा आवाज येतो. हे सारे ताटकळणाऱ्यांचा कंटाळा घालवण्यापुरतेच, असा आक्षेप घेता येईल; पण तो अपुरा आहे. रांगेतल्या प्रोजेक्टरच्या खोलीत ईयोर या डिस्नेच्या कार्टूनमधल्या गाढवाची जुनी पाटी दडवली आहे, कारण सफरीची इमारत त्या नावाच्या वाहनतळाच्या जागेवर उभी राहिली. नुसता वेळच घालवायचा असता, तर ही पाटी डोळ्यांसमोर टांगली असती. ती मुद्दाम अंधारात ठेवली आहे. मान वर करून शोधणाऱ्यालाच ती सापडते, आणि तो ती लगेच शेजाऱ्याला दाखवतो.