सातबाऱ्यावर ग्रामसभा : मेंढा (लेखा)ची वाटचाल

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने निघाले की तीसेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) लागते. शंभराच्या आसपास घरे, वस्ती गोंड आदिवासींची. या गावात शेत विकत घ्यायला कुणी गेला तर त्याला विकणारा भेटणार नाही. २०१३ मध्ये इथल्या खातेदारांनी आपापली शेतजमीन महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामसभेला देण्याचा निर्णय घेतला. ज्या देशात भाऊ भावाशी धुऱ्यावरून कोर्टात जातो, तिथे एका गावाने सातबाऱ्यावरची वैयक्तिक नावे मागे घ्यायचे ठरवले. ही गोष्ट भाबडेपणाने घडलेली नाही. त्यामागे तीस वर्षांचे कागदवाचन आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीत जमीन घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात धरणविरोधातून झाली. इंद्रावतीवर भोपालपट्टनम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन धरणे होणार होती. चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा निघाला आणि पाठोपाठ ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन पेटले. आदिवासी नेते लालश्यामशहा महाराज, बाबा आमटे यांच्यासोबत गावेच्या गावे रस्त्यावर आली. धरणे मागे पडली. मेंढ्याच्या लोकांना मात्र एक प्रश्न उरला : जंगल वाचले, पण ते कागदावर कोणाचे?

या प्रश्नाला धरून गावात अभ्यास गट सुरू झाला. देवाजी तोफा गावातले, तर चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले साथी. अभ्यास गटात चर्चा करायची, निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा, बहुमताने नाही. एकाचा विरोध असला तरी त्याचे समाधान होईपर्यंत थांबायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे देशभर गेली. मला तिच्याहून मोलाचा वाटतो तो अभ्यास गट. कायदा वकिलावर न सोडता स्वतः वाचायचा, न कळलेले पुन्हा विचारायचे, ही सवय तिथे लागली.

पहिला विषय निघाला निस्ताराचा. पूर्व विदर्भ तेव्हाच्या मध्य प्रांतात होता. इथे मालगुजारी आणि जमीनदारी होती. ती ३१ मार्च १९५१ पासून संपली आणि जंगले, पडीत जमिनी, तलाव सरकारजमा झाले. पण गावकऱ्यांचे चराई, सरपण, घरबांधणीचे लाकूड, बांबू यांवरचे हक्क निस्तार पत्रकात लिहून ठेवण्याची तरतूद होती. पाणी, वाट, मासेमारी यांचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही ही दोन्ही पत्रके कलम १६१ आणि १६५ मध्ये शिल्लक आहेत. आपल्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला लीजवर जातो आणि आपल्याला मात्र कुंपणापुरता तोडायलाही परवानगी लागते, हे कोडे मेंढ्याला या कागदांपाशी उलगडू लागले. हक्क लिहिलेला होता. तो मागणारा कुणी नव्हता.

इथे थोडे थांबून सातबाऱ्याविषयी बोलले पाहिजे. सातबारा म्हणजे मालकीचा दाखला, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. प्रत्यक्षात तो दोन नमुन्यांचा एकत्र उतारा : गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि बारा ही पिकांची नोंदवही. महसूल कोणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावे म्हणून मुळात ठेवलेली ही नोंद. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. पण फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकी येते खरेदीखतातून, वारसाहक्कातून, वाटणीतून, सरकारने दिलेल्या पट्ट्यातून. म्हणून सातबाऱ्यावर वर्तुळात दिसणारे फेरफार क्रमांक एकेक करून मागे काढत जावे लागते. आमच्याकडे ही वाट १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत न्यावी. पटवाऱ्याने, म्हणजे तलाठ्याने, दिलेला ताजा उतारा हातात आला की अनेकांना काम झाल्यासारखे वाटते. खरे काम तिथून पुढे आहे.

मेंढ्याच्या वाटचालीतले मोठे वळण वनहक्क कायद्याचे. तो डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला, नियम १ जानेवारी २००८ ला आले. ग्रामसभेजवळ नकाशे, निस्ताराचा अभ्यास आणि जंगल राखल्याचा अनुभव तयारच होता. २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि शेजारच्या मर्दा या गावांना देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला १,८०९.६१ हेक्टर जंगल आले.

हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. वाहतूक परवाना वनविभाग देणार, आणि त्याच्या लेखी बांबू हे ‘झाड’, म्हणजे इमारती लाकूड. वनहक्क कायद्यात मात्र बांबू स्पष्ट शब्दांत गौण वनोपज. एकाच काठीला दोन कायद्यांत दोन नावे. ग्रामसभा हटली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. भारतीय वन अधिनियमातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळायला २०१७ उजाडले. त्याआधीच, मेंढ्याला परवान्यांचे पुस्तक मिळाल्याच्या पुढच्या वर्षी, २०१२ च्या जूनमध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला हजारावर हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला आणि तिथल्या ग्रामसभेनेही बांबूचा कारभार हाती घेतला.

मग ग्रामदान. जंगल सामूहिक झाले, शेती वैयक्तिक राहिली, तर एखाद्या अडल्या घराची जमीन उद्या बाहेर जाईल, ही काळजी ग्रामसभेत पुन्हा पुन्हा मांडली गेली. ग्रामदानात मालकी गावाकडे जाते. कसण्याचा हक्क कुटुंबाकडे वारसाने चालतो. गावाबाहेर विक्री बंद होते. एकेका घराची समजूत पटेपर्यंत गाव थांबले. निर्णय झाला, पण शासनाच्या दप्तरात तो उतरायला वर्षे गेली. गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडेही जावे लागले. १९६४ चा कायदा पुस्तकात होता, वापरायची सवय प्रशासनाला राहिली नव्हती. या दिरंगाईबद्दल मला राग आहे आणि तो लपवावा असे वाटत नाही.

आता वाचक विचारील, मला तर वरोरा-भद्रावतीकडे शेत घ्यायचे आहे किंवा ताडोबाच्या वाटेवर प्लॉट. मेंढ्याचे मला काय? सांगतो. विक्रेता आदिवासी असेल तर जमीन महसूल अधिनियमाचे कलम ३६ आणि ३६-अ आड येते. ६ जुलै १९७४ पासून बिगर-आदिवासीला अशी जमीन पूर्वमंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि मंजुरीविना झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन परत जाते. विक्रेत्याकडे वनहक्काचा पट्टा असेल तर तो पती-पत्नीच्या संयुक्त नावाने असतो, वारसाने चालतो, पण विकता येत नाही. ‘भोगवटादार वर्ग-२’ लिहिलेले असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून इसारही देऊ नये. अशा जमिनींची यादी गाव नमुना १-क मध्ये सापडते. स्वतः शेतकरी नसाल तर विदर्भासाठी वेगळा असलेला १९५८ चा कूळकायदा, त्याचे कलम ८९, आधी वाचा. पुणे-नाशिकच्या माणसाने सांगितलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

आणि झुडपी जंगल. मालगुजारांच्या काळात गुरांच्या चराईसाठी सोडलेल्या या खुरट्या झुडपांच्या जमिनी नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहाच जिल्ह्यांत आहेत. त्यांवर वस्त्या बसल्या, शाळा उभ्या राहिल्या, कचेऱ्याही बांधल्या गेल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानाव्या लागतील असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी नियमित करण्याची वेगळी वाट ठेवली. सातबाऱ्यावर, निस्तार पत्रकात किंवा जुन्या अभिलेखात ‘झुडपी जंगल’ हे दोन शब्द दिसले, तर भाव कितीही स्वस्त असो, व्यवहार तिथेच थांबवावा.

दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोन पाहा, भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीची ‘क’ प्रत काढा, वकिलाचा शोध अहवाल घ्या. हे सारे कराच. पण त्याआधी त्या गावात जा आणि ग्रामसभेतल्या जुन्याजाणत्यांना विचारा, या गटातून कोणाची गुरे जायची, पाणी कुठून यायचे, हे शेत पूर्वी कोण कसायचे. त्यांचे उत्तर आणि तुमच्या हातातला उतारा जुळत नसेल, तर पैसे देऊ नका.