हरिणांची शिकार आणि एकनळी दुर्बीण : स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील एका निवडीचा इतिहास

इ. स. १८९४ मध्ये जर्मनीतील येना येथील त्सायस कारखान्याने लोलक बसविलेली दुनळी दुर्बीण बाजारात आणली. या उपकरणामागील कल्पना इटालियन संशोधक पोरो याची असून तिचे एकस्व त्याने १८५४ मध्येच घेतले होते. परंतु ती कल्पना व्यवहारात उतरविण्याजोगी काच तेव्हा मिळत नव्हती. ॲबे आणि शॉट यांच्या प्रयत्नांनी येना येथे नव्या जातींची काच तयार होऊ लागल्यावरच ते साध्य झाले. नवी दुर्बीण आटोपशीर होती, दोन्ही डोळ्यांनी पाहता येई आणि तिचे दृष्टिक्षेत्रही विस्तृत होते. असे असता स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात तांबड्या हरिणांची शिकार करणाऱ्यांनी पितळी, चामड्याने मढविलेली, सरकत्या नळ्यांची जुनी एकनळी दुर्बीण त्यानंतर अर्धशतकाहूनही अधिक काळ टाकली नाही. हे केवळ जुन्याला चिकटून राहणे होते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तंत्रविद्येच्या इतिहासात नवे आले म्हणजे जुने गेले असे गृहीत धरण्याची जी सवय आपणांस जडली आहे, तिची या उदाहरणाने चांगली परीक्षा होते.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. तेथे ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात ते आपल्या अर्थाने अरण्य नव्हेच. ते हेदरच्या झुडपांनी आणि दलदलीने व्यापलेले, बहुधा वृक्षहीन असे उघडे डोंगर होत. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः राणी व्हिक्टोरियाने १८४८ मध्ये बॅल्मोरलची जागा भाड्याने आणि १८५२ मध्ये विकत घेतल्यानंतर, इंग्रज धनिकांना या शिकारीचा छंद लागला. ज्या जमिनींवरून पूर्वी शेतकऱ्यांना उठवून मेंढ्या आणल्या होत्या, त्यांपैकी बऱ्याच जमिनी आता हरिणांसाठी राखल्या गेल्या. १८८३-८४ मध्ये नेपियर आयोगापुढे कुळांनी जी गाऱ्हाणी मांडली, त्यांत या राखीव डोंगरांचाही समावेश होता. शिकारीच्या उपकरणांविषयी लिहिताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करणे योग्य नव्हे.

या उघड्या डोंगरावर हरिण दूरवरून दिसते, आणि हरिणालाही माणूस दिसतो. त्याहून अधिक म्हणजे वाऱ्यावरून त्याला माणसाचा गंध येतो. म्हणून एक-दोन किलोमीटरांवरूनच कळप हेरून, त्यांतील कोणता नर मारावयाचा हे ठरवून, मग वाऱ्याची दिशा सांभाळीत तासन्‌तास सरपटत जाणे, अशी ही पद्धत होती. विल्यम स्क्रोप याने १८३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. यात निर्णायक शब्द ‘कोणता’ हा आहे. नराचे वय, अंगावरील मांस, शिंगांच्या टोकांची संख्या ही सर्व पाहावयाची असत. बारा टोकांच्या नराला ‘रॉयल’ म्हणत.

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. निरोगी मानवी डोळ्याला साधारणतः एक कला एवढा कोन विभेदता येतो. म्हणजे १ किलोमीटरवरील सुमारे २९ सेंटिमीटर. सहापट वर्धनाच्या दुर्बिणीतून ही मर्यादा सुमारे ५ सेंटिमीटरांवर येते, वीसपट वर्धनाने दीड सेंटिमीटरवर. शिंगाचे टोक दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे कळप शोधण्यास सहापट वर्धन पुरे असले, तरी टोके मोजण्यास ते का अपुरे पडते, हे वेगळे सांगावयास नको. ५० मिलिमीटर व्यासाचे भिंग असल्यास वीसपट वर्धन प्रकाशशास्त्राच्या नियमांनुसारही निभते.

मात्र या लाभाचे मूल्य द्यावे लागे. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची रुंदी मिळते. ५० मिलिमीटर आणि वीसपट यांचा भागाकार अवघा अडीच मिलिमीटर येतो, तर सांजवेळी डोळ्याची बाहुली त्याहून पुष्कळ मोठी झालेली असते. म्हणजे जी वेळ हरिणे चरावयास खाली उतरण्याची, नेमक्या त्याच वेळी ही दुर्बीण अंधुक होते. दृष्टिक्षेत्रही अरुंद असते. ते २ अंशांचे असेल, तर १ किलोमीटरवर जेमतेम ३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. शिवाय हाताचा कंपही वीसपट होतो आणि तापलेल्या भूमीवरून उठणारी हवेची थरथरही वीसपट दिसते. नळ्या ओढल्या की आत हवा शिरते व पावसाळी दिवशी तिच्याबरोबर ओलही.

या सर्व दोषांवर जो उपाय होता तो उपकरणात नव्हता, माणसात होता. डोंगरावरील स्टॉकर, म्हणजे जमीनदाराच्या पदरी असलेला वाटाड्या व शिकारतज्ज्ञ, उतारावर पाठ टेकून, गुडघा उभा करून किंवा काठीचा आधार घेऊन दुर्बीण स्थिर करी आणि समोरचा डोंगर पट्ट्यापट्ट्याने, एखादे हस्तलिखित वाचावे तसा वाचीत असे. हे कौशल्य वर्षानुवर्षांचे होते आणि ते बहुधा गेलिक भाषिक, अल्पवेतनी माणसांपाशी होते. बंदूक पाहुण्याची, नेम पाहुण्याचा, शिंगेही पाहुण्याची. पाहणे मात्र नोकराचे. तेव्हा दुर्बिणीची निवड कोणी केली, या प्रश्नाचे उत्तर, पैसे कोणी दिले या प्रश्नाच्या उत्तराहून वेगळे असू शकते. शिकारीवरील ग्रंथ मात्र जवळजवळ सर्वच पाहुण्यांनी लिहिले. आपल्या साधनसामग्रीतील हा मोठाच एकांगीपणा होय, आणि नोकरांच्या ‘जुनाटपणा’विषयीची विधाने वाचताना तो ध्यानी ठेवला पाहिजे.

आपल्याकडील पद्धतीशी तुलना केली असता भूमीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. १८२५ ते १८३५ या काळात खानदेशात भिल्ल पलटणीचा प्रमुख असलेला जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीबद्दल प्रसिद्ध होता. पण तेथील नाल्याखोऱ्यांत आणि दाट झाडीत दृष्टी थोड्याच अंतरावर अडे. माग काढणाऱ्या भिल्लाला पाऊलखूण व मोडलेली काडी जे सांगे, ते कोणतीही दुर्बीण सांगू शकली नसती. हाका आणि मचाण या पद्धतीत शिकाऱ्याला दूरवरून निवड करावयाची नसते. उलट हिमालयात आयबेक्स आणि मारखोर यांच्या मागे जाणारे इंग्रज अधिकारी दुर्बीण बरोबर नेत. कारण तेथील उघडे कडे स्कॉटलंडच्याच जातीचे, केवळ मानाने कितीतरी मोठे होते.

या कौशल्याचे खरे मोल पुढे युद्धात कळले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात शत्रू दिसतच नाही, ही ब्रिटिश सैन्याची अडचण होती. १९०० मध्ये लॉर्ड लोव्हॅट यांनी डोंगराळ भागातील स्टॉकर आणि त्यांचे मदतनीस यांना घेऊन ‘लोव्हॅट स्काउट्स’ हे पथक उभारले. पहिल्या महायुद्धात तर टंचाई दुहेरी होती. प्रकाशीय काचेबाबत ब्रिटन फार मोठ्या प्रमाणात जर्मनीवर अवलंबून होते. १९१४ मध्ये लॉर्ड रॉबर्ट्स यांना जनतेकडून दुर्बिणी उसन्या मागाव्या लागल्या. पण दुर्बीण मिळाली तरी ती वापरणारा कोठून आणावयाचा? मोठ्या जनावरांचे शिकारी व लेखक हेस्केथ-प्रिचर्ड यांनी १९१६ मध्ये फ्रान्समधील लँगेम येथे जी शाळा चालविली, तिच्या नावातच नेमबाजीइतकेच ‘निरीक्षणा’ला स्थान होते. तेथे एकाने दुर्बिणीतून पाहावयाचे व दुसऱ्याने गोळी झाडावयाची अशी जोडी असे. डोळे थकतात म्हणून दोघे कामाची अदलाबदल करीत. स्टॉकर आणि पाहुणा यांचीच ही जोडी होय. फरक इतकाच, की डोंगरावर जी कामे दोन वर्गांत वाटलेली होती, ती खंदकात एकाच दर्जाच्या दोन सैनिकांकडे आली. हा फरक लहान नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी ‘स्काउट रेजिमेंट’ नावाची दुर्बीण मोठ्या संख्येने तयार करण्यात आली. मिटल्यावर सुमारे २५ व उघडल्यावर सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची, तीन सरकत्या नळ्यांची आणि चामड्याने मढविलेली ही दुर्बीण रचनेने सरळसरळ स्टॉकरच्या दुर्बिणीची वंशज होती. युद्ध संपल्यावर त्या शिलकी माल म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. त्यांपैकी काही पक्षिनिरीक्षकांच्या हाती पडल्या, आणि काही पुन्हा त्याच डोंगरावर गेल्या. १९५९ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरिणांच्या शिकारीला बंदीचा काळ प्रथमच ठरवून दिला आणि हरिणांच्या संख्येवर देखरेख ठेवण्यासाठी एक आयोग नेमला. त्या वेळी डोंगरावर कळप मोजावयास बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यावरही बहुधा नळ्यांची जुनी दुर्बीणच असे. लोलकाच्या, जलाभेद्य, एकाच डोळ्याने पाहावयाच्या दुर्बिणींनी तिला हटविले ते त्यानंतरच्या दशकांत. आणि त्यांतही वर्धन बहुधा विसाच्या पुढचेच राहिले.